ऊन सगळ्यांचं, गच्ची कुणाची?

अंधेरी पूर्वेच्या एखाद्या जुन्या इमारतीत जिन्याखालच्या मीटर बॉक्सपाशी जरा थांबून बघा. जाळीच्या दाराआड मीटरची रांग असते, प्रत्येकावर मार्करने लिहिलेला खोली नंबर आणि लुकलुकणारा छोटासा लाल दिवा. त्यातल्या शेजारशेजारच्या दोन मीटरांचं लाइट बिल दोन वेगळ्या कंपन्यांकडून येत असू शकतं, एकाचं अदानीकडून आणि दुसऱ्याचं टाटाकडून. रस्त्याखालून इमारतीत शिरणारी केबल मात्र एकच. एकाच तारेतून दोन कंपन्यांची वीज येते, ती वेगळी कशी होते? खरं सांगायचं तर ती वेगळी होतच नाही. वेगळा होतो तो फक्त हिशेब. आणि एकदा हे ध्यानात आलं, की उपनगरात स्वच्छ वीज कुणाला मिळते आणि तिचे पैसे कोण भरतं, हा सगळा प्रश्न नव्याने उलगडू लागतो.

मुंबईच्या विजेचा नकाशा मोठा गमतीचा आहे. दक्षिणेला बेस्ट. भांडुप-मुलुंडला महावितरण. वांद्र्यापासून मिरा-भाईंदरपर्यंत आणि इकडे घाटकोपर-विक्रोळीपर्यंत ती कंपनी, जी १९२९ साली ‘बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय’ म्हणून जन्मली, मग रिलायन्सची झाली आणि २०१८ पासून अदानीची आहे. जुनी मंडळी अजून तिला बीएसईएसच म्हणतात. याच पट्ट्यात टाटांचाही परवाना होता, पण त्या परवान्यावर घरोघरी वीज विकता येते की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालला. ८ जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की विकता येते. पण गजबजलेल्या गल्ल्या पुन्हा खणून दुसरी केबल टाकायची कुठे? म्हणून २००९ मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने वाट काढली: तारा आहेत त्यांच्याच राहतील, वीज दुसऱ्याकडून घ्या आणि तारांचं भाडं भरा. बिलावर ‘वहन आकार’ म्हणून जी ओळ असते, तीच तारांच्या खर्चाची.

हे चालतं कसं? विजेचं जाळं म्हणजे एक भलीमोठी सामाईक टाकी समजा. कोळशाचं केंद्र, धरण, पवनचक्की, सौर पॅनल, सगळे आपापलं पाणी तिच्यात ओततात आणि आपण सगळे तिच्यातूनच भरून घेतो. कुणाच्या बादलीत कुणाचं पाणी आलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण कुणी किती ओतलं आणि कुणी किती काढलं, याची नोंद चोख असते. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात दिवसाचे ९६ तुकडे पाडलेले असतात, प्रत्येक तुकडा १५ मिनिटांचा. प्रत्येक तुकड्यासाठी कोण किती वीज देणार आणि कोण किती घेणार हे आदल्या दिवशीच ठरतं. आपण सकाळी गिझर लावतो तेव्हा त्या ९६ रकान्यांतल्या एका रकान्यात कुणीतरी आपल्यासाठी जागा राखलेली असते.

‘हरित वीज’ म्हणतात ती याच हिशेबात राहते. १२ नोव्हेंबर २०२३ ला, लक्ष्मीपूजनाच्या रविवारी, सकाळी १० ते दुपारी २ या चार तासांत उपनगरांतल्या आपल्या ग्राहकांची सगळी गरज अक्षय ऊर्जेतून भागवल्याचं अदानी इलेक्ट्रिसिटीने जाहीर केलं. यातली बरीचशी वीज राजस्थानातल्या जैसलमेरच्या ७०० मेगावॅटच्या सौर-पवन प्रकल्पाच्या खात्यावरची. जैसलमेर मुंबईपासून सरळ रेषेत मोजलं तरी जवळपास नऊशे किलोमीटर. थरच्या वाळवंटातलं ऊन आणि वारं बोरिवलीच्या स्वयंपाकघरात मिक्सर फिरवतं, ही कल्पनाच मला थक्क करते. पण त्याच रात्री दिव्यांच्या माळा पेटल्या तेव्हा ऊन नव्हतं, आणि हिशेबात कोळसा परतला होता, हेही तितकंच खरं.

शिवाय वीज मुंबईत आणायलाही वाट हवी. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी शहरात शिरणारा वीजपुरवठा कोसळला, लोकल जागच्या जागी थांबल्या, कोविडच्या दिवसांत रुग्णालयं जनरेटरवर गेली. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी वर्षानुवर्षं रखडलेली होती, ती २०२३ मध्ये सुरू झाली. अशा प्रत्येक वाहिनीचा खर्च अखेर आपल्या बिलात येतो, आणि तो झोपडीतल्या एका बल्बवरच्या युनिटमध्येही असतो.

मग दूरचं ऊन कशाला, आपल्याच गच्चीवरचं का नको? असा प्रश्न कुणालाही पडेल. म्हणून जरा गच्चीचं गणित मांडू.

एक किलोवॅटच्या पॅनलना साधारण १० चौरस मीटर, म्हणजे शंभरेक चौरस फूट जागा लागते. मुंबईच्या उन्हात, पावसाळ्याची सरासरी धरून, त्यातून दिवसाला चारेक युनिट मिळतात. आता बोरिवलीतला २२ मजली टॉवर घ्या, मजल्यावर चार घरं, एकूण ८८. गच्ची समजा ४०० चौरस मीटरची. त्यातून पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, आगीच्या वेळी मोकळी ठेवायची जागा आणि शेजारच्या टॉवरची सावली वजा केली की हाती २०० चौरस मीटर उरतात. म्हणजे २० किलोवॅट, दिवसाला ८० युनिट. ८८ घरांत वाटले तर घरटी एक युनिटही नाही. एवढ्यावर एसी तासभरसुद्धा चालायचा नाही.

याउलट चारकोपच्या बैठ्या घरांचा विचार करा. डोक्यावर स्वतःचं छप्पर, खाली एकच कुटुंब. दोन किलोवॅट बसले तरी बिल जवळपास निघून जातं. म्हणजे उंची वाढली की ऊन वाटून घेणारे वाढतात, आणि ऊन काही वाढत नाही. मुंबई तर उभीच वाढते आहे.

आणि ज्यांना गच्चीच नाही त्यांचं काय? २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतले ४१ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. घाटकोपरच्या डोंगरउतारावरचं घर डोळ्यांपुढे आणा: वर पत्रा, पत्र्यावर ताडपत्री, ती उडू नये म्हणून ठेवलेले दगड आणि जुने टायर. ऊन भरपूर, पण पॅनलच्या सांगाड्याचं वजन तो पत्रा पेलणार नाही. पेललं तरी उद्या पुनर्विकास आला तर २५ वर्षं चालणाऱ्या पॅनलचं काय करायचं? फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराला दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. राज्य सरकारने २०२५ मध्ये महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या ५ लाख घरांसाठी आपलं वेगळं अनुदानही जाहीर केलं. दोन्ही योजना चांगल्या आहेत. पण दोन्हींना आधी हक्काचं छप्पर लागतं, आणि उपनगरातली निम्म्याच्या जवळपास माणसं तिथेच अडतात.

इथून पुढचा गुंता खरा अवघड आहे. आपल्या बिलातले टप्पे आठवा: १०० युनिटांपर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, त्यापुढे सगळ्यांत चढा. पहिल्या टप्प्याला वीज स्वस्त पडते, कारण वरच्या टप्प्यातले आणि दुकानं-कचेऱ्या थोडा जास्त भार उचलतात. आता ज्याचा वापर ६०० युनिट आहे त्याने गच्चीवर पॅनल बसवले, तर आधी कुठले युनिट गळतात? वरचे, महागडे. त्याचा फायदा मोठा होतो, आणि तो उचलत होता तो भार मात्र खाली उरतो. तारा, खांब, ट्रान्सफॉर्मर यांचा खर्च काही कमी झालेला नसतो, तो आता उरलेल्यांत वाटला जातो. त्या उरलेल्यांत गच्ची नसलेले सगळे आले. वीज कंपन्या छतावरच्या सौरऊर्जेला आवर घाला म्हणतात तेव्हा हाच मुद्दा पुढे करतात. मुद्दा खोटा नाही. पण तो वापरून मध्यमवर्गीय सोसायट्यांनाही अडवलं, तर जाळ्यात कोळसा तेवढाच राहतो आणि त्याच्या वाढत्या किमतीचा इंधन समायोजन आकार पुन्हा त्याच पत्र्याखालच्या घराच्या बिलात येतो.

उपनगरांनी हा पेच एकदा अनुभवलाही आहे. २००९ नंतर काही लाख ग्राहक जुन्या कंपनीकडून टाटांकडे गेले. स्वस्त विजेचा फायदा मोठ्या ग्राहकांनीच घ्यायचा आणि लहान ग्राहक मागे राहायचे, असं होऊ नये म्हणून ऑगस्ट २०१२ मध्ये आयोगाने आदेश दिला: पुढच्या वर्षभरात कंपनी बदलायची मुभा महिन्याला ३०० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकांनाच. या आदेशावर पुढे अपिलं झाली, तो भाग वकिलांचा. मला त्यात दिसतं ते वेगळंच. वीज कुणी कुणाला विकायची हा बाजाराचा प्रश्न वाटतो, पण त्यात लहान ग्राहकाची बाजू आयोगाच्या आदेशातल्या एका ओळीने उचलून धरता येते.

ती ओळ लिहिणारा आयोग आहे तरी कुठे? कफ परेडला, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या १३ व्या मजल्यावर. १९९९ साली स्थापन झालेला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. माझ्या मते मुंबईतली ही सगळ्यांत कमी ओळखीची आणि आपल्या खिशाच्या सगळ्यांत जवळची जागा. २००३ च्या वीज कायद्याचं ६४ वं कलम सांगतं, की कंपनीला दर ठरवून हवे असतील तर तिने आपली मागणी आधी प्रसिद्ध करायची आणि लोकांच्या सूचना-हरकती लक्षात घेऊन आयोगाने १२० दिवसांत आदेश द्यायचा. हरकत घ्यायला ना वकील लागतो ना पदवी.

यातला एखादा आदेश उघडून बघाच. कित्येकशे पानांचा असतो, आकड्यांनी खच्चून भरलेला, पण सुरुवातीच्या प्रकरणातच थांबा. तिथे तीन-तीन परिच्छेदांची जोडणी दिसते: आधी ग्राहकाचं म्हणणं, मग कंपनीचं उत्तर, मग आयोगाचा निर्णय. शेवटी हरकत घेणाऱ्यांच्या नावांची यादी. अब्जावधी रुपयांच्या कंपनीला कुणा निवृत्त शिक्षकाच्या किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीच्या पत्राला मुद्देसूद उत्तर द्यावं लागतं, आणि ते कायमचं छापलं जातं. लोकशाहीचं इतकं बारीक यंत्र आपल्याकडे चालू आहे आणि आपण मात्र बिलाची फक्त शेवटची ओळ वाचून ते फ्रिजवर चिकटवतो.

हे यंत्र वापरायचं कसं हे शिकवणारी माणसंही इथलीच. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार गाजत होता तेव्हा पुण्याच्या ‘प्रयास’ने, गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, घोषणा बाजूला ठेवून त्या कराराचा युनिटमागचा हिशेब मांडला आणि ही वीज राज्याला परवडणार नाही हे दाखवून दिलं. २००१ मध्ये वीज मंडळाने ती वीज घेणं थांबवलं. संत २०१२ साली फार लवकर गेले. पण ‘प्रयास’ आणि १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत अशा संस्थांमुळे आयोगापुढे ग्राहकाच्या बाजूनेही अभ्यास करून बोलणारं कुणीतरी असतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये छतावरच्या सौरऊर्जेच्या नियमांचा मसुदा आला, त्यात नेट मीटरिंगवर मर्यादा घालायचा प्रस्ताव होता. नेट मीटरिंगमध्ये दुपारी जाळ्यात सोडलेलं युनिट रात्री जसंच्या तसं परत मिळतं. त्याऐवजी ते कमी भावात विकायचं आणि रात्री पूर्ण भावात घ्यायचं, असं झालं असतं तर पॅनलचा खर्च निघायला कितीतरी वर्षं जास्त लागली असती. राज्यभरातून हरकतींचा पाऊस पडला. ३० डिसेंबर २०१९ ला अंतिम नियम आले तेव्हा नेट मीटरिंग शाबूत होतं.

स्वच्छ विजेचं देणं कुणाच्या नावावर लागतं, हा प्रश्न मुंबईतल्या विजेइतकाच जुना आहे. इथली पहिली मोठी वीज कोळशाची नव्हतीच, पाण्याची होती. १९१५ साली खोपोलीचं केंद्र सुरू झालं, १९२२ ला भिवपुरी, १९२७ ला भिरा. भिऱ्याला आणलेलं मुळशीचं पाणी खरं तर पूर्वेला भीमेकडे जायचं. ते अडवून, बोगद्यातून उलट फिरवून, सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडलं आणि त्याच्या पडण्यातून गिरण्या चालल्या. नदीची दिशा बदलून शहराला उजेड, हे शंभर वर्षांपूर्वी! पण त्या तलावाखाली मावळ्यांची भातखाचरं होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून ‘सेनापती’ झाले. धरण व्हायचं ते झालंच. बुडालेल्या गावांना विचारायला तेव्हा ना आयोग होता ना ६४ वं कलम.

सत्तर वर्षांनी डहाणूत गोष्ट जरा वेगळी घडली. उपनगरांसाठी तिथे ५०० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र उभं राहिलं, चिकूच्या बागा आणि वारली पाड्यांच्या शेजारी. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशाने एक प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. धुरातला गंधक समुद्राच्या पाण्याने धुऊन काढणारी यंत्रणा बसवा, असा धोशा या प्राधिकरणाने लावला आणि २००७ मध्ये ती बसली. देशातल्या बहुतेक केंद्रांमध्ये तेव्हा तिचा पत्ताही नव्हता. अंधेरीतला एसी आणि डहाणूतल्या लेकराचा श्वास यांच्यातलं नातं कुणीतरी मान्य करायला लावलं, म्हणून ते झालं.

आता सह्याद्रीच्या त्याच रांगेत पुन्हा हालचाल सुरू आहे. दुपारच्या जादा सौर विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज घ्यायची, अशा दोन प्रकल्पांसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात करार झाला: शिरवत्याला १८०० मेगावॅट, भिवपुरीला १०००. लक्ष्मीपूजनाच्या रात्री परतणाऱ्या कोळशावरचा हा खराखुरा उपाय आहे. त्या डोंगरातल्या वाड्यांना या वेळी आधी विचारलं जायला हवं, आणि ते विचारा असं म्हणण्याची जबाबदारी वीज वापरणाऱ्या आपल्यावर येते.

दुपारच्या उन्हाचा भाव आता घरगुती बिलातही उतरू लागला आहे. जुलै २०२५ पासून महावितरणच्या स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत मिळू लागली. मुलुंडमध्ये दुपारी वॉशिंग मशीन लावलं की थोडे पैसे वाचतात. पण दुपारी घरी कोण असतं? आठ-सतराची लोकल पकडणारं जोडपं नक्कीच नाही. घरी असतात म्हातारी माणसं, शिवणकाम करणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, डबे करणाऱ्या बायका. सवलत नेमकी त्यांच्या हाती पडेल अशी आखणी केली, तर सूर्याचा हा वाटा ज्यांना गच्ची नाही त्यांच्यापर्यंतही जाईल.

गच्ची नसलेल्यांसाठी दुसरी वाटही आहे. दिल्लीच्या आयोगाने २०१९ मध्येच नियम केले, की पॅनल एका जागी बसवायचे आणि त्यांचे युनिट दुसरीकडच्या अनेक घरांच्या बिलांत वाटून वजा करायचे. मघाची टाकी आठवली, तर यात अशक्य काहीच नाही, फक्त नोंद बदलते. घाटकोपरच्या महापालिका शाळेच्या किंवा एखाद्या डेपोच्या छपरावरचं ऊन समोरच्या वस्तीतल्या दोनशे घरांच्या नावावर लागू शकतं.

आणि माझ्या मते सगळ्यांत आधी व्हायला हवं ते एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत. झोपडीतून २२ व्या मजल्यावर गेलेल्या कुटुंबाचं घरातलं बिल थोडकंच असतं, पण लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचं सामाईक बिल डोक्यावर बसतं. हा सामाईक मीटर घरगुती वर्गातच मोजला जातो, आणि तो एकच असल्यामुळे त्याचे बहुतेक युनिट ५०० च्या वरच्या, सगळ्यांत महाग टप्प्यात जातात. गरिबांची लिफ्ट श्रीमंतांच्या दराने चालते. बिल थकलं की ती बंद होते, आणि आजीला २२ मजले उतरता येत नाहीत. मघाशी घरटी एक युनिटही न देणारी ती २० किलोवॅटची गच्ची महिन्याला २४०० युनिट देते. घरांत वाटले तर ते नगण्य, पण सामाईक मीटरवर घेतले तर लिफ्ट आणि पंपाचा मोठा हिस्सा त्यात भागतो, आणि वाचतात तेही सगळ्यांत महागडे युनिट. सोसायट्यांच्या सामाईक वापरासाठी पीएम सूर्यघरमध्ये किलोवॅटमागे १८ हजार रुपये आहेतच. उरलेला पहिला खर्च एसआरएच्या इमारतींसाठी राज्याने उचलावा, आणि सामाईक मीटरचे टप्पे घरांच्या संख्येने मोजावेत. या दोनच मागण्या आहेत. पहिली मंत्रालयात मांडायची, दुसरी कफ परेडला.

दुसरीला मुहूर्तही ठरलेला आहे. सध्याचे दर २०२५-२६ ते २०२९-३० या पाच वर्षांसाठी ठरले आहेत आणि त्यांचा मध्यावधी आढावा व्हायचा आहे. त्याची जाहिरात दोन मराठी आणि दोन इंग्रजी वर्तमानपत्रांत येईल, आतल्या पानावर, बारीक टायपात. खाली हरकती पाठवायचा पत्ता असेल आणि शेवटची तारीख.